परवान्याची वाट

यवतमाळहून पुण्या-मुंबईला जायचं ठरलं की घरात आधी 'कशानं' हे ठरवावं लागतं. एसटी आहे. ट्रॅव्हल्स आहेत. रेल्वेनं जायचं तर आधी धामणगाव किंवा बडनेरा गाठायचं. वणीच्या बाजूला ब्रॉडगेज आहे, पण जिल्ह्याच्या मुख्यालयाला ती स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षं लाभली नाही. विमानतळ आहे, त्यावरून नियमित प्रवासी विमान उडत नाही. मग माणसं भाडं पाहतात, वेळ पाहतात, बाई एकटी जाणार असेल तर खालचा बर्थ मिळतो का ते पाहतात. कायदा कोणी पाहत नाही.

तो पाहिला तर चमत्कारिक चित्र दिसतं. रेल्वे तीन तासांहून जास्त उशिरा धावत असेल आणि तुम्ही जायचं रद्द केलं, तर तिकिटाचे सगळे पैसे परत मागता येतात. रेल्वे अपघातात माणूस गेला तर चूक कोणाची हे सिद्ध न करता वारसांना आठ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. विमान कंपनीनं ऐनवेळी उड्डाण रद्द केलं तर प्रवाशाला काय द्यायचं, याचे लेखी नियम २०१० पासून आहेत. पण रात्रीची ट्रॅव्हल्स चार तास उशिरा आली, बुक केलेल्या गाडीऐवजी भलतीच गाडी पाठवली, किंवा पहाटे शहराबाहेरच्या बायपासवर उतरवून दिलं, तर? ग्राहक आयोग आहे म्हणे. काही शे रुपयांसाठी तिथं तारखा कोण करणार? ज्या वाहनावर हा जिल्हा रात्रीच्या लांब प्रवासासाठी विसंबलेला आहे, त्याच वाहनात प्रवाशाचे हक्क सर्वांत तोकडे आहेत. गंमत अशी की कागद पाहिले तर याच वाहनावर परवाने, कर आणि तपासण्या यांचा पाऊस पडलेला दिसतो.

या संग्रहातले लेख या विसंगतीपाशी येऊन थांबतात. लिहिणाऱ्यांत वकील आहेत, निवृत्त वाहक आहे, लॉजचालक आहे, जंगलातले मार्गदर्शक आहेत. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि संपादकांनी ते पटवून घेण्याचा खटाटोपही केलेला नाही.

सरकारी नियमन म्हटलं की डोळ्यांपुढे आरटीओचं कार्यालय येतं. विषयाचा पसारा त्याहून पुष्कळ मोठा आहे. वाहन कोणी चालवायचं हे परवाना ठरवतो. भाडं किती घ्यायचं हे कधी सरकार ठरवतं, कधी बाजारावर सोडून देतं. गाडीला आपत्कालीन दारं किती हवीत, चालकानं सलग किती तास गाडी हाकायची, हे सुरक्षेचे नियम. तिकिटात कर किती मुरलेला आहे हे प्रवाशाला सहसा ठाऊकही नसतं. एसटीच्या भाड्यातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारच्या तिजोरीत जातो. लॉजवर ओळखपत्र दाखवावं लागतं, पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते. जंगलात कोणत्या दारानं, किती वाजता, कोणाला सोबत घेऊन शिरायचं हे वन विभाग सांगतो. आणि या सगळ्याच्या तळाशी एक फार जुना प्रश्न आहे: कोणी कुठं जावं, आणि कोणाला विचारून? राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं नागरिकाला देशभर मोकळेपणानं फिरण्याचा हक्क दिला आणि त्याच कलमात वाजवी निर्बंधांची सोयही ठेवली. आजवरचे सगळे वाद या दोहोंमधल्या जागेत झाले.

इतिहास कुठून सुरू करायचा? मी १८६७ च्या सराई कायद्यापासून करीन. सराई चालवणाऱ्यानं तिची नोंदणी करायची, खोल्या आणि पाण्याच्या विहिरी स्वच्छ ठेवायच्या, भिंती-दरवाजे दुरुस्त ठेवायचे, पहारेकरी नेमायचे, दरपत्रक लावायचं, साथीचा रोगी आला तर कळवायचं. इंग्रजांचा त्यात स्वतःचा हिशेब होताच, पण रात्री मुक्कामाला थांबलेला वाटसरू डोळ्यांपुढे ठेवून केलेला असा कायदा त्यानंतर क्वचितच सापडतो. चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. पुढे १९११ च्या सुधारणेनं त्याची व्याप्ती वाढली. ज्यांचं जगणंच फिरण्यावर होतं अशा जमातींना पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि पास नसेल तर शिक्षा. एकीकडे प्रवासाची सोय आणि दुसरीकडे प्रवासाचा गुन्हा, असे दोन्ही कायदे एकाच सरकारच्या एकाच पिढीतल्या अधिकाऱ्यांनी लिहिले.

यवतमाळच्या वाचकाला हे दूरचं वाटायचं कारण नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणारे बंजारा तांडे या भागातले जुने वाहतूकदार. रेल्वेनं त्यांचा धंदा बुडवला, तांडे डोंगरकडेला स्थिरावले, आणि आज महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. याच समाजातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि सलग अकरा वर्षांहून जास्त काळ राहिले. मधे एक तपही गेलं नव्हतं. फासेपारधी समाजाच्या वाट्याला मात्र एवढी वेगवान सुटका आली नाही. कायदा गेला तरी रात्री-अपरात्री बिऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसांकडे पाहण्याची नजर गेली नाही. या संग्रहातला याविषयीचा लेख मी दोनदा वाचला. वाचकांनीही तो वगळू नये.

जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा. आज ती ओलांडून माहूरच्या दर्शनाला जाताना जिल्हा बदलल्याचंही कोणाच्या ध्यानात येत नाही. १९४८ पर्यंत मात्र ती दोन राजवटींची सीमा होती. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आणि पलीकडे निजामाचा अंमल, त्याचं करोडगिरी खातं, म्हणजे जकात. नदीच्या दोन काठांवर प्रवासी वाहतुकीचे दोन वेगळे विचार वाढले, हे मला विशेष वाटतं. पलीकडे निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये सत्तावीस बस घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. देशातल्या सरकारी बससेवेच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक. अलीकडच्या काठावर खासगी मोटारमालक, त्यांची आपसातली झुंज, आणि सवारी भरल्याशिवाय न हलणारी गाडी.

याच काळात यवतमाळला एक अशी रेल्वे होती की जिचा मालक सरकार नव्हतं. शकुंतला. किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रजी कंपनीनं उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही अडीच फुटी नॅरोगेज. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर, पुढे अचलपूरपर्यंत आणखी ७६. कापूस बंदराकडे नेणं हा तिचा मूळ उद्देश, माणसं नंतर. गाडी सरकारी रेल्वेनं चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायचा, असा करार. पन्नासच्या दशकारंभी देशातल्या रेल्वे एका छत्राखाली आल्या तेव्हा ही बाहेर राहिली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. 'अजून इंग्रजांना भाडं देतो' ही बातमी दर दोन-चार वर्षांनी कुठंतरी छापून येते. वाचायला खमंग आहे, पण खरी नाही. कंपनी केव्हाच भारतीय हातांत गेली होती. तिचं खरं दुखणं रुक्ष आहे. रूळ ज्याच्या मालकीचे तो पैसे घालेना, गाडी जो चालवी तो दुसऱ्याच्या रुळांवर खर्च का करील? कराराच्या दोन सह्यांमध्ये अडकून रूळ झिजले, वेग कमी झाला आणि गेल्या दशकात गाडी थांबली. नियमनाच्या पुस्तकांत हा धडा फार सापडत नाही: नियम जाचक नव्हता, शिथिलही नव्हता, जबाबदारी कोणाची हेच त्यात लिहिलेलं नव्हतं.

मोटारी आल्या आणि रेल्वेचं उत्पन्न घटू लागलं. १९३२-३३ मध्ये मिशेल-कर्कनेस समितीनं रस्ते आणि रेल्वे यांच्या स्पर्धेची पाहणी केली. त्याच सुमारास धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. अशी पाहणी वऱ्हाडात झाली असती तर आज या पुस्तकाचं काम निम्म्यानं हलकं झालं असतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं परवान्याची चौकट घालून दिली. तिच्यामागच्या कारणांत रेल्वेचं उत्पन्न जपणं हे मोठं कारण होतं. मार्गावर गाड्या किती हव्यात हे प्रवाशांच्या गर्दीवरून ठरावं अशी कलमं होती, पण चौकट उभी करणाऱ्याचं लक्ष तिजोरीकडे होतं. आपल्या परवाना पद्धतीचा स्वभाव तिथं बनला.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, हे महाराष्ट्रातला शाळकरी पोरगाही सांगेल. विदर्भाची कथा वेगळी आहे, आणि ती नेहमी तळटीपेत जाते. इथं मध्य प्रांत-वऱ्हाडची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस होती. राज्य पुनर्रचनेनंतर ती आणि मराठवाड्यातली निजामाच्या वारशाची सेवा मुंबई राज्यात आली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ बनलं. कायद्यात १९५६ मध्येच नवं प्रकरण घालून सरकारी परिवहन संस्थेला ठरावीक मार्ग राखून देण्याची सोय झालेली होती. त्या आधारावर एसटी खेड्यांत पोचली, शाळकरी मुलींचे पास निघाले, मुक्कामी गाड्या सुरू झाल्या. हे काम दुसऱ्या कोणी केलं नसतं, असं माझं मत आहे. त्याच मक्तेदारीनं एसटीला आळशीही केलं, हेही माझंच मत आहे.

आता विषयाच्या गाभ्याकडे येतो.

सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात प्रवासी बससाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिलीत गाडी ठरलेल्या मार्गावर धावते, टप्प्याटप्प्यावर माणसं चढतात-उतरतात, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. ही वाट बहुतेक ठिकाणी एसटीसाठी राखलेली. दुसरी वाट कंत्राटी परवान्याची: लग्नाच्या वऱ्हाडाची बस, तिरुपतीची सहल, शेगावची फेरी. एक करार, ठरलेली माणसं, आणि वाटेत नवी सवारी घ्यायची नाही. आता संध्याकाळी यवतमाळच्या कोणत्याही ट्रॅव्हल्स पॉइंटवर उभे राहा. प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळं तिकीट आहे, कोणी दारव्ह्याला चढणार आहे, कोणी कारंजाला, कोणी संभाजीनगरला उतरणार आहे. गाडी रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं जाते. व्यवहारात ही टप्पा वाहतूक आहे, कागदावर ही रोज नव्यानं ठरलेली सहल आहे.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाला, चालकाला, तपासणाऱ्याला, प्रवाशाला. नियम मोडला जातो एवढंच म्हणून सोडून दिलं तर खरी हानी दिसत नाही. जी सेवा कायद्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाही, तिला वेळापत्रक लावा असं सरकार सांगणार कसं? थांब्यावर शेड, दिवा, स्वच्छतागृह द्या असं कोणाला बजावणार? तक्रारवही कुठं टांगणार? परवान्याच्या दारात नियमांची एवढी दाटी, आणि दार ओलांडून गाडी महामार्गाला लागली की नियम विरळ होत जातात. प्रवासी बसतो तो या विरळ पट्ट्यात.

भाड्याचं उदाहरण घ्या. मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमानं राज्य सरकारला भाडं ठरवण्याचा अधिकार आहे. उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानं खासगी कंत्राटी बसचं भाडं एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावं असं ठरलं. दिवाळीत पुण्याहून घरी येणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा, ही मर्यादा त्याला ॲपवर कधी दिसली का. सणाच्या तोंडावर आरटीओ पथकं नेमतात, काही दंड होतात, बातमी छापून येते. मालकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे: दिवाळीआधी पुण्याहून भरून आलेली गाडी परत रिकामी जाते, तो डिझेलचा खर्च कुठून काढायचा? दीडपट हा आकडा वर्षभराला एकच, धंद्याला मात्र हंगाम आहे. संग्रहातल्या दोन लेखांत यावर जुंपली आहे.

सुरक्षेच्या बाबतीत जुंपायला जागाच नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली स्लीपर बस नाशिकमध्ये ट्रकवर आदळून पेटली. बारा माणसं गेली. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी असल्याचं नंतर समोर आलं. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२३ ला, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली आणि पंचवीस जण गेले. प्रवाशांत नागपूर, वर्धा आणि यवतमाळचे लोक होते. दोन्ही वेळी चौकशा झाल्या, तपासणी मोहिमा निघाल्या, आपत्कालीन दारं आणि अग्निशामक पाहिले गेले. मला इथं एका वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवायचं आहे. नवा रेल्वेमार्ग सुरू करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्ताची मंजुरी लागते, आणि हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. गाडी चालवणारा आणि गाडी तपासणारा एकच नको, हे तत्त्व स्वातंत्र्याच्या आधीच स्वीकारलं गेलं. विमान अपघातांसाठीही स्वतंत्र तपास विभाग आहे. बसच्या बाबतीत मात्र परवाना देणारं, कर वसूल करणारं आणि योग्यता तपासणारं खातं एकच. अपघात झाला की पोलीस गुन्हा नोंदवतात, चालकावर बोट ठेवलं जातं, आणि बर्थची रचना, दाराची जागा, चालकाच्या झोपेचे तास यांचा अभ्यास करून ठेवणारी कायमची यंत्रणा उभी राहत नाही.

या विषयातल्या विचारप्रवाहांची ओळख नव्या वाचकाला करून द्यायला हवी. थोडक्यात देतो, कारण सिद्धान्त वाचायला इतर पुस्तकं आहेत. जुना विचार असा की बाजार चुकतो तिथं सरकारनं हस्तक्षेप करावा. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९२० मध्ये तो मांडला आणि आपल्याकडच्या नियोजनकारांना तो पटला. दुसरा विचार जॉर्ज स्टिगलरचा, १९७१ चा: नियमन ज्या धंद्यावर असतं तोच धंदा हळूहळू नियमन आपल्या सोयीचं करून घेतो. त्यानं पुराव्यासाठी घेतलेल्या उदाहरणांत ट्रकच्या वजनमर्यादा होत्या, म्हणून ते वाचताना मला पांढरकवड्यावरून जाणारा चव्वेचाळीस नंबरचा महामार्ग आठवत राहतो. अमेरिकेत आल्फ्रेड कान यांच्या पुढाकारानं १९७८ मध्ये विमानभाडी मोकळी झाली, आपल्याकडे विमान क्षेत्र नव्वदच्या दशकात उघडलं. लायसन्स-परमिट राजवर राजाजींनी टीका केली, आणि महाराष्ट्रात शरद जोशींनी तोच धागा शेतकऱ्याच्या अंगणात आणला. यवतमाळच्या कापूसपट्ट्याला ती भाषा परकी नाही. आणखी एक प्रवाह एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा: जंगल, पाणी अशी सामायिक संपत्ती सरकार आणि बाजार या दोघांवाचूनही, स्थानिक लोकांनी घातलेल्या नियमांनी जपता येते. स्टिगलर वाचून बस समजते आणि ऑस्ट्रॉम वाचून जंगल. दोन्हींवर एकच औषध चालवणाऱ्यांपासून सावध राहावं.

जंगल म्हणजे अर्थात टिपेश्वर. पांढरकवडा आणि घाटंजीच्या मधलं १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९९७ मध्ये घोषित झालेलं. कालपरवापर्यंत जिल्ह्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. आता वाघ हमखास दिसतो म्हणून हैदराबादच्या आणि नागपूरच्या गाड्या सुन्ना आणि माथनीच्या दारांशी पहाटे उभ्या असतात. इथले नियम ट्रॅव्हल्सच्या बरोबर उलट आहेत. गाड्यांची संख्या ठरलेली, वेळ ठरलेली, मार्गदर्शक सक्तीचा, खाली उतरायचं नाही, पावसाळ्यात बंद. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली, गाभ्याच्या वीस टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला नको ही त्यातली प्रसिद्ध मर्यादा. टिपेश्वर व्याघ्र प्रकल्प नाही, तरी सफारीची शिस्त त्याच वळणाची आहे. शिस्त असूनही काय होतं हे ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडल्यात दिसलं: पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

पर्यटकाच्या पावलापावलावर नियम आहे, वाघाला मात्र अभयारण्याची हद्द ठाऊक नाही. टिपेश्वरात जन्मलेला एक तरुण नर २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि तेराशेहून जास्त किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यानं ही यात्रा जगाला कळली. त्याआधी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगावच्या परिसरात अवनी म्हणून ओळखली जाणारी वाघीण मारली गेली, तेव्हा देशभर हळहळ झाली आणि राळेगावच्या शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जिप्सीत बसून वाघ पाहणाऱ्याची सुरक्षा नियमांत लिहिलेली आहे. रात्री कापसाला राखण करायला जाणाऱ्याची, किंवा सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोराची, पर्यटनाच्या नियमावलीत जागा नाही. पर्यटनाचा पैसा दारालगतच्या गावांना किती मिळतो हा प्रश्न आज ना उद्या इथं तापणार आहे. संग्रहातल्या मार्गदर्शकाच्या टिपणात त्याची धग लागते.

साथींबद्दल थोडं. प्लेगच्या वेळी १८९७ मध्ये घाईघाईनं केलेल्या साथरोग कायद्यानं स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासण्याचा अधिकार दिला. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा हाती घेतला गेला. जिल्हा ओलांडायला ई-पास लागू झाला आणि २ सप्टेंबर २०२० पर्यंत राहिला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता ते पायी निघाले. मे महिन्यात सोलापूरहून मजुरांना घेऊन नागपूरच्या दिशेनं चाललेल्या बसला आर्णी तालुक्यात अपघात झाला, चौघे गेले. दुसरी लाट आली तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात सर्वांत आधी निर्बंध लागले ते अमरावती, अकोला आणि यवतमाळमध्ये. साथीत निर्बंध हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पास कोणाला लगेच मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

लॉज आणि खानावळींकडे या पुस्तकात कमी पानं आहेत. तरी कराचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ती माफी गेली आणि बारा टक्के लागू झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते पाच टक्क्यांवर आले. ताज्या दरांवर चर्चा करणाऱ्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. वणीच्या बैलबाजाराला आलेल्या व्यापाऱ्याला किंवा दवाखान्याच्या कामासाठी जिल्ह्याला मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला सहाशे रुपयांच्या खोलीवर तेव्हाचे बहात्तर रुपये किरकोळ नव्हते.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर रस्त्यावरच दिसतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. नागपूर-तुळजापूर महामार्गानं उमरखेड-नांदेडकडचा प्रवास बदलला. पवनार ते पत्रादेवी हा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग या जिल्ह्यातून आखला आहे आणि त्यावरून राज्यभर शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले. महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं. बाजाराच्या दिवशी काळीपिवळीच्या रांगेत याचा परिणाम कोणालाही दिसेल. राष्ट्रीय पर्यटन परवान्याच्या २०२३ च्या नियमांनी एकदा शुल्क भरलं की राज्याराज्यांत वेगळा कर नको, अशी सोय बसमालकांना दिली. २००९ मध्ये खासगी कंपनीला पंच्याण्णव वर्षांच्या करारानं दिलेला विमानतळ अजून प्रवाशांची वाट पाहतो आहे, आणि शकुंतलेचा धडा गिरवायला ती जागा चांगली आहे. येत्या दहा वर्षांत या जिल्ह्याची वाहतूक जितकी बदलेल तितकी मागच्या पन्नासांत बदलली नसेल. नियम मात्र आधी ठरतात आणि प्रवाशाला नंतर कळतात.

हा संग्रह कायद्याचं मार्गदर्शक पुस्तक नाही. कलमं जिथं लागतात तिथंच आली आहेत. एका जिल्ह्यातून पाहिलं तर देशाचं नियमन कसं दिसतं, एवढाच त्याचा प्रयत्न. तेवढ्यासाठी जिल्हा छोटाही नाही आणि सोपाही नाही. पासपोर्ट, परदेशी सहलींवरचा कर, हज आणि चारधामच्या व्यवस्था हे विषय जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत. मला वाटतं निदान तेलंगणाच्या सीमेवरच्या पिंपळखुटी नाक्यावर एक स्वतंत्र लेख हवा होता.

संपादकांशी माझा एक मतभेद आहे. त्यांच्या मते एसटीसाठी मार्ग राखण्याची पद्धत मोडावी, ट्रॅव्हल्सना उघडपणे टप्पा वाहतुकीचे परवाने द्यावेत आणि त्याबरोबर वेळापत्रक, दरफलक, तक्रारवही, भरपाई ही बंधनं लावावीत. निम्मं मला मान्य आहे. जे रोज रात्री चाललेलं आहे ते कागदावर आणल्याशिवाय प्रवाशाला हक्क मिळणार नाहीत. पण परवाने खुले झाले की गाड्या पुण्याच्या मार्गावर गर्दी करतील, झरी-जामणीच्या पाड्यावर रात्री थांबून पहाटे मुलांना शाळेत नेणारी मुक्कामी गाडी कोणी मागणार नाही. आज तिचा तोटा एसटी पुण्याच्या भाड्यातून कसाबसा भरते. उद्या तो कोणी भरायचा, हे पुस्तकात कुठंच आलेलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत त्यावर एक लेख घालावा, असं मी संपादकांना कळवलं आहे. तो वाहकानं लिहावा, अर्थशास्त्रज्ञानं नको, एवढी अटही घातली आहे.